चकवा लागला तर...

गेल्या मंगळवारी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक माउली आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. हातापायांवर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे, घोटा सुजलेला, डोळे तारवटलेले. शनिवारी चार मित्रांबरोबर एका किल्ल्यावर गेला होता. उतरताना वाट चुकली आणि सारी रात्र रानात काढावी लागली. रविवारी दुपारी गुराख्यांनी त्यांना खाली आणले.

मी घोटा तपासत असताना माउली हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, याला चकवा लागला होता. तीनदा एकाच आंब्यापाशी आले म्हणे. गुरवाकडून अंगारा आणून लावलाय. पण तुम्ही एखादं इंजेक्शन द्या की!"

मुलगा ओशाळून हसला. मला मात्र हसू आले नाही. तीनदा एकाच झाडापाशी येणे म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या अनुभवात एका भल्या माणसाचा जीव माझ्यामुळे जाता जाता वाचला. ही हकिगत आजवर मी फारशी कोणाला सांगितली नाही. पण पावसाळा आला की आपल्या जिल्ह्यात गडकिल्ल्यांवर, धबधब्यांवर आणि पठारांवर जाणाऱ्यांची रीघ लागते. म्हणून आजचा लेख याच विषयावर लिहीत आहे.

मामांची घोंगडी

गोष्ट १९९६ सालच्या श्रावणातली. एमबीबीएस होऊन मी नुकताच पश्चिमेकडच्या डोंगरी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झालो होतो. वय २६. सड्यापलीकडच्या एका वस्तीवर जुलाब-उलट्यांची साथ आल्याचा निरोप आला. सलाईनच्या बाटल्या आणि जलसंजीवनीची पाकिटे घेऊन मी निघालो. बरोबर आमच्या केंद्रातले शिपाई होते. पन्नाशी उलटलेले, त्याच मुलखात वाढलेले. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणे.

वस्तीवरचे काम आटोपून दुपारी चारच्या सुमारास आम्ही परत निघालो. अर्धा सडा ओलांडला आणि धुके उतरले. दहा पावलांपुढचे दिसेना. तासाभराने आम्ही एका फुटक्या दगडी कुंडापाशी आलो. आणखी अर्ध्या तासाने पुन्हा तेच कुंड. तिसऱ्यांदा ते दिसल्यावर मामा खाली बसले, कमरेची चंची काढली आणि शांतपणे तंबाखू मळू लागले.

"डाक्टरसायब, चकवा लागलाय. आता बसायचं. चकव्यात चालायचं नसतंय."

मी चिडलो. चकवाबिकवा काही नसते, ही अंधश्रद्धा आहे, असे त्यांना ऐकवले. जवळच ओढ्याचा आवाज येत होता. पाणी खाली जाते, गावही खाली आहे, तेव्हा ओढ्याच्या कडेने उतरले की गाव सापडेल, असा माझा शास्त्रशुद्ध हिशेब होता. मामा "नगा, नगा" म्हणत असताना मी पुढे झालो. वीस-पंचवीस पावलांवर शेवाळलेल्या खडकावरून पाय सटकला आणि मी छातीएवढ्या पाण्याच्या डोहात पडलो. डोहाच्या पुढच्या तोंडाला पाणी कड्यावरून खाली कोसळत होते. मामांनी अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून माझ्या बखोटीला धरले आणि मला बाहेर ओढले.

आम्ही दोघेही नखशिखांत भिजलो. मामांची घोंगडी काठावर राहिली होती, ती तेवढी कोरडी. ती त्यांनी माझ्या अंगावर टाकली. "तुमास्नी सवं न्हाई, सायब." मी ती घेतली. नाही म्हणालो नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

एका कातळाच्या आडोशाला आम्ही रात्र काढली. मामा बराच वेळ कुडकुडत होते. मध्यरात्रीनंतर त्यांचे कुडकुडणे थांबले. मला वाटले, बरे झाले, झोप लागली. पहाटे ते जड जिभेने काहीतरी पुटपुटू लागले. "वैरण टाकली का रं? बैल उपाशी हायेत." तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. थंडीने शरीर गारठून माणूस मरतो ते बर्फाच्या प्रदेशात, असे मी धरून चाललो होतो. आपल्या सह्याद्रीत, ऑगस्ट महिन्यात हे घडू शकते, हे माझ्या पदवीला ठाऊक नव्हते.

उजाडल्यावर गवळीवाड्यातली दोन माणसे आम्हाला शोधत आली. त्यांनी मामांकडे एकदाच पाहिले. ओले कपडे उतरवले, कोरड्या घोंगड्यात गुंडाळले आणि दोघांनी मिळून उचलून झोपडीत नेले. चुलीपासून जरा अंतरावर निजवून, एका माणसाने त्यांना अंगाशी धरून ऊब दिली. शुद्धीवर येऊन नीट बोलू लागल्यावरच गूळ घातलेले गरम दूध घोटघोट पाजले. शास्त्राप्रमाणे जे करायला हवे, ते सारे त्या निरक्षर माणसांनी केले. मी, एमबीबीएस डॉक्टर, बाजूला उभा राहून पाहत होतो. मामा वाचले.

चकवा म्हणजे काय?

माझ्या त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर पुढे बऱ्याच वर्षांनी वाचायला मिळाले. जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना त्यांनी जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि काहींना सहाराच्या वाळवंटात सोडले आणि सरळ रेषेत चालत राहायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून येताच ती गोल फिरू लागली आणि आपण चाललेली वाट पुन्हा ओलांडू लागली. आपण तीच वाट ओलांडतो आहोत, याची त्यांना जाणीवही नव्हती. डोळे बांधून चालायला सांगितले, तेव्हा तर काहीजण अवघ्या २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले.

याचा अर्थ असा की 'सरळ' म्हणजे कुठे, हे आपल्या मेंदूला बाहेरच्या खुणांवरूनच कळते. धुके, दाट झाडी किंवा अंधार यांनी त्या खुणा पुसल्या की प्रत्येक पावलागणिक होणारी छोटी चूक साठत जाते आणि माणूस गोल फिरतो. हाच आपला चकवा! तो भुताखेताचा नाही, पण खोटाही नाही. आपल्या वाडवडिलांनी अनुभव बरोबर टिपला होता, कारण तेवढे वेगळे सांगितले. आणि त्यावरचा मामांचा उपाय तर शंभर टक्के बरोबर होता. खाली बसायचे!

बसण्याने आणखी एक गोष्ट साधते. वाट चुकली हे उमगताच शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळते. छाती धडधडते, श्वास वाढतो, तोंडाला कोरड पडते आणि पाय आपोआप भराभर चालू लागतात. या अवस्थेत माणूस पाण्याची बाटली टाकून देतो, बरोबरच्याला मागे सोडतो, नको तिथून उतरतो. दहा-पंधरा मिनिटे बसून संथ श्वास घेतला की ही लाट ओसरू लागते. मामा ती मिनिटे तंबाखू मळण्यात घालवत. तंबाखूचे समर्थन मी अर्थातच करणार नाही. आपण तेवढ्या वेळात घोटभर पाणी प्यावे, बुटांच्या नाड्या बांधाव्यात, जवळ काय काय आहे ते मोजावे.

म्हणून चार शब्द पाठ करून ठेवा. थांबा, विचार करा, पाहा, ठरवा. शेवटची ओळखीची खूण कोणती होती? तिथून निघून किती वेळ झाला? उजेड किती उरला आहे? मागची वाट स्पष्ट दिसत असेल आणि उजेड असेल, तरच खुणा करत त्या खुणेपर्यंत परत जा. जरा जरी शंका असेल तर आहात तिथेच थांबा. शोधणारे तुमच्या शेवटच्या ठावठिकाण्यापासून शोधायला सुरुवात करतात. तुम्ही जितके भटकाल तितके त्यांचे काम अवघड होते.

ओढ्याचा भरवसा

इथे काही वाचक म्हणतील, ओढ्याच्या काठाने चालत गेल्यामुळे माणसे वाचल्याचे आम्ही वाचले आहे. खरे आहे. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरू देशात एक विमान वीज पडून अ‍ॅमेझॉनच्या जंगलावर कोसळले. त्यातल्या ९२ जणांपैकी युलियाने केपके ही १७ वर्षांची मुलगी तेवढी वाचली. गळपट्टीचे हाड मोडलेले, दंडावरच्या जखमेत अळ्या पडलेल्या, अशा स्थितीत ती ओढ्याच्या प्रवाहाबरोबर चालत राहिली. अकराव्या दिवशी जंगलात काम करणाऱ्या माणसांची तिची गाठ पडली. आईवडील जीवशास्त्रज्ञ असल्याने ती त्या जंगलात राहिलेली होती आणि पाणी माणसांपर्यंत नेते, हे तिला वडिलांनी शिकवले होते.

पण ते सपाट रान होते. आपला सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा बनलेला, पायऱ्यापायऱ्यांचा आहे. इथला ओढा दोनशे पावले गुण्यागोविंदाने वाहतो आणि एकाएकी कड्यावरून उडी घेतो. कोकणच्या बाजूला तर ही उडी शेकडो फुटांची. वरून उतरताना एक टप्पा घसरून खाली आलात की पुन्हा वर चढता येत नाही, आणि पुढे कडा, अशी कोंडी होते. पावसाच्या पाण्याने वाट बंद होते ती निराळीच. शिवाय पाण्याच्या आवाजात शोधणाऱ्यांच्या हाका ऐकू येत नाहीत. म्हणून आपल्या डोंगरात अंधारात, धुक्यात किंवा पावसात ओढ्याने उतरू नये. पेरूतली अक्कल पेरूत, सह्याद्रीतली सह्याद्रीत!

एका जागी थांबून वाचलेल्यांचे उदाहरण हवे असेल तर थायलंडमधल्या मुलांचे घ्या. २३ जून २०१८ रोजी १२ मुले आणि त्यांचे फुटबॉलचे प्रशिक्षक एका गुहेत शिरले आणि पावसाच्या पाण्याने आत अडकले. ते सापडले २ जुलैला. नऊ दिवस अन्न नव्हते. गुहेच्या भिंतीवरून पाझरणारे पाणी ते पीत. प्रशिक्षकांनी मुलांना ध्यान लावून शांत बसायला शिकवले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सच्या तंत्रज्ञांनीही सल्ला दिला होता. १० जुलैपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. मात्र या मोहिमेत एका थाई पाणबुड्याला प्राण गमवावे लागले. आपल्या चुकीची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते, हे मी मामांमुळे जाणतो.

आधी निवारा, मग पाणी, शेवटी अन्न

हरवलेल्या माणसाला पहिली चिंता पडते ती जेवणाची. वास्तविक ती शेवटची. पाण्यावाचून माणूस साधारण तीन दिवस काढतो, कडक उन्हात त्याहून कमी. अन्नावाचून मात्र निरोगी माणूस आठवडेच्या आठवडे जगू शकतो. गांधीजींनी १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये वयाच्या ७३व्या वर्षी २१ दिवसांचे उपोषण केले, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा एक-दोन रात्री उपाशी राहिल्याने कोणी दगावत नाही. ओले कपडे आणि वारा मात्र एका रात्रीत जीव घेऊ शकतात.

शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ३५ अंशांखाली गेले की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे भिजलेला, दमलेला आणि वाऱ्यात बसलेला माणूस आपल्या पावसाळी थंडीतही गारठतो. दवाखान्यातला नेहमीचा थर्मामीटर साधारण ३५ अंशांपासूनच सुरू होतो. म्हणजे हा आजार तो दाखवतच नाही, माणसाकडे पाहूनच ओळखावा लागतो. आधी कुडकुडणे, मग बोटे कामातून जाणे, बोलणे जड होणे, अडखळणे, बरळणे. कुडकुडणे थांबले आणि माणूस शांत झाला, म्हणजे बरे वाटले असे समजू नका. शरीराने हात टेकले असे समजा. मी नेमके इथेच चुकलो.

काय करावे? वाऱ्याच्या आड, पण ओढ्यापासून आणि दरडीपासून दूर जागा निवडा. कोरडे कपडे असतील तर ओले काढून ते घाला. नसतील तर ओले पिळून पुन्हा घाला आणि वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळा. खतांच्या किंवा कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला भोक पाडून त्यातून डोके काढले तरी इरल्याचे काम भागते. तोंड मात्र उघडे हवे. नुसत्या जमिनीवर बसू नका. सॅक, दोर, पालापाचोळा, काही तरी खाली घ्या, कारण गार जमीन शरीराची ऊब ओढून घेते. एकमेकांना चिकटून बसा, लहान आणि म्हातारी माणसे मध्ये घ्या. दारू मुळीच पाजू नका. तिने ऊब आल्यासारखी वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडते. गारठलेल्याचे हातपाय चोळू नका, त्याला चालवू नका, अर्धवट शुद्धीत असताना तोंडात काही घालू नका.

उन्हाळ्यात याच्या उलट. मार्च ते मे या काळात दुपारी सावलीत थांबावे, चालणे पहाटे किंवा सायंकाळी. चढावर तासाला लिटरभर घामही सहज जातो. जवळचे पाणी उद्यासाठी राखून आज तहानलेले राहण्यात शहाणपण नाही. तहान लागली की प्या. बचत पाण्याची नको, घामाची करा. माणूस तापून बरळू लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात होय. त्याला सावलीत निजवून कपडे सैल करा, अंग ओले करून वारा घाला.

ओढ्याचे पाणी प्यावे का? दुसरे पाणी नसेल तर जरूर प्यावे. वाहते पाणी चार पदरी फडक्यातून गाळून घ्यावे, उकळता आले तर उत्तम. जुलाब दोन दिवसांनी होतील आणि त्यांवर आमच्याकडे औषध आहे. तहानेने गेलेल्या जिवावर नाही.

खाण्याच्या बाबतीत ओळखीची करवंदे-जांभळे सोडून काहीही तोंडात घालू नका. अनोळखी कंद आणि अळिंबी यांच्या वाटेला जाऊच नये. पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी सुंदर फुले येणारी कळलावी आपल्या डोंगरात सर्रास दिसते. तिचा कंद प्राणघातक विषारी आहे. मोगली एरंडाच्या बिया खाऊन दवाखान्यात येणारी मुले मी दरवर्षी पाहतो.

साप, विंचू आणि आग्या मोहोळ

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते, आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते. दंश झाला तर त्या माणसाला धीर द्या, अंगठी-कडी काढा, हात किंवा पाय काठी बांधून हाड मोडल्याप्रमाणे स्थिर ठेवा. वर आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. शक्यतो उचलून न्या. रात्री बसताना जागा काठीने साफ करा, कपारीत हात घालू नका, बूट झटकूनच पायात घाला. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात पुष्कळ मुले दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगाला दाखवून दिला आणि ते मृत्यू कमी झाले. पण गोळी वेळेत मिळायला हवी. घाम सुटणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच घाई करा.

कड्याखाली धूर करण्यापूर्वी वर आग्या मोहोळ नाही ना, हे पाहा. माश्या उठल्या तर तोंड-डोके झाकून लांब पळा, हात हलवत उभे राहू नका. बिबट्या दिसला तर मात्र पळू नका. ताठ उभे राहून, मुलाला उचलून घेऊन, मोठ्याने आवाज करत हळूहळू मागे सरा. गव्याला वाट सोडून द्या. उन्हाळ्यात वाळल्या गवतात शेकोटी पेटवू नका. वणवा आधी तुम्हालाच गाठेल.

हाक कशी द्यावी?

ओरडून घसा बसतो, शिट्टी तासन् तास वाजवता येते आणि लांबवर ऐकू जाते. पाच-दहा रुपयांची प्लास्टिकची शिट्टी गळ्यात असू द्या. लागोपाठ तीन शिट्ट्या, मग विश्रांती, पुन्हा तीन. तीन ही संकटाची खूण जगभर ओळखली जाते. दिवसा रंगीत ओढणी किंवा टॉवेल उघड्यावर पसरावा. उन्हात आरसा किंवा स्टीलची थाळी चमकवावी.

मोबाईल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पण त्याचा उपयोग शहाणपणाने करा. बॅटरी फोटोंवर आणि उजेडावर घालवू नका, विजेरी वेगळी ठेवा. ११२ या क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. बोलणे होत नसेल तरी लघुसंदेश पुष्कळदा जातो. जागा दाखवणारी जीपीएसची सोय रेंज नसतानाही चालते. तिथले आकडे संदेशात लिहून पाठवा. रेंज शोधायला गटातला एकटा माणूस कधीही पाठवू नका. या मुलाच्या घोट्याची दुखापत तशीच झाली. अंधारात एकटाच वर चढायला गेला होता.

लहान मुलांना एकच वाक्य शिकवा. हरवलास तर जवळच्या झाडाला मिठी मारून थांब. कॅलिफोर्नियात १९८१ साली डोंगरात हरवलेला नऊ वर्षांचा एक मुलगा चालत राहिला आणि मरण पावला. त्याला शोधणाऱ्यांनीच पुढे मुलांना हा धडा शिकवायला सुरुवात केली. झाडाच्या सोबतीने मुलाची भीती कमी होते आणि ते एका जागी राहते. "रात्र झाली तरी कोणी रागावणार नाही, शिट्टी ऐकली की ओ दे," हेही सांगा. रागाच्या भीतीने मुले झुडपात दडून बसतात.

औषधांची पुरचुंडी

आता माझ्या नेहमीच्या रुग्णांसाठी. मधुमेह असणाऱ्यांनी खडीसाखर, गूळ किंवा ग्लुकोजचा पुडा खिशात ठेवल्याशिवाय डोंगर चढू नये. उपाशीपोटी चालताना साखर एकदम उतरते. घाम, थरथर, गोंधळ उडणे ही त्याची लक्षणे थकव्यासारखीच वाटतात. खायला नसेल तर साखर उतरवणारी गोळी काय करावी, इन्सुलिन किती कमी करावे, हे जाण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करू नका. रक्तदाब, फिट्स, दमा आणि हृदयविकार यांची औषधे दोन दिवस जास्तीची न्यावीत. दम्याचा पंप आणि जिभेखालची गोळी सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या खिशात हवी.

घरच्यांनी काय करावे? जाणारा कुठल्या वाटेने, कोणाबरोबर जातो आणि किती वाजता परतणार, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. पायथ्याच्या गावातही सांगून जावे. ठरलेली वेळ टळली तर पोलिसांना लगेच कळवा. चोवीस तास थांबावे लागते, हा गैरसमज आहे. अंगावरचे कपडे, चालू औषधे आणि शेवटचा फोन कुठून आला, हे सांगा. आणि रात्री दहा-बारा भावबंदांनी बॅटऱ्या घेऊन रानात घुसू नये. शोधायला गेलेलेच हरवतात.

माणूस सापडल्यावर एकदम ताटभर जेवण वाढू नका. शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय घोटघोट द्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर मी रानात राहिलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. लेप्टो असू शकतो. बारीक किड्यांच्या चावण्याने होणारा स्क्रब टायफसही असू शकतो, त्यात अंगावर काळी खपली दिसते. सिंधुदुर्गात २०१६ पासून गोचिडांमुळे होणारा माकडतापही आढळला आहे. ही माहिती वेळेत मिळाली तर उपचार लवकर सुरू होतात.

त्या माउलींना मी इंजेक्शन दिले नाही. मुलाच्या घोट्याला पट्टी बांधली आणि गोळ्या लिहून दिल्या. चकव्याचे कारण समजावून सांगितले. अंगारा राहू द्या म्हटले, त्याने आईच्या मनाला स्वस्थता मिळत असेल तर माझी हरकत नाही. जाताना मुलाच्या हातात एक शिट्टी ठेवली. माझ्या टेबलाच्या खणात तशा पाच-सहा नेहमी असतात.

मामा त्यानंतर नोकरीतून निवृत्त झाले आणि वयोमानाप्रमाणे घरीच, नातवंडांच्या गराड्यात गेले. त्या रात्रीबद्दल ते मला कधी बोलले नाहीत. एकदा मीच विषय काढून माफी मागितली, तेव्हा एवढेच म्हणाले, "सायब, तुमी बसला असता तर दोघं बी कोरडं राहिलो असतो की!"

वाचकहो, लेखातले बाकी सारे विसरलात तरी चालेल. एवढे एक लक्षात असू द्या. वाट चुकली की बसा.